नर काढला आणि रंग गेला : सोलापूरजवळच्या एका पिटुनिया प्लॉटचं प्रकरण

तक्रार

"सर, एकाच झाडावर दोन जातीची फुलं यायलेत, आन् कंपनीचे साहेब म्हणायलेत प्लॉट भेसळीचा हाय."

तुळजापूर रोडवर नर्सरी असलेल्या एका गृहस्थांचा जानेवारीतला हा फोन. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि प्रात्यक्षिकांसाठी लागणाऱ्या कुंड्या त्यांच्याकडूनच आणतो. त्यामुळे झाडाला काही झालं की फोन माझ्याकडे येतो. बहुतेक वेळा उत्तर 'पाणी कमी करा' एवढंच असतं. या वेळी तसं नव्हतं.

अण्णांचा मूळ धंदा डाळिंबाच्या गुटी कलमांचा आणि गुलाबाच्या रोपांचा. हिवाळी फुलांच्या कुंड्या हा जोडधंदा. यंदा पहिल्यांदाच त्यांनी एका बियाणे कंपनीकडून पिटुनियाच्या संकरित बियाण्याचा प्लॉट घेतला होता. मादीची आणि नराची रोपं कंपनीने द्यायची, शेडनेट आणि मजूर अण्णांचे, तयार झालेलं बी कंपनीने वजनावर घ्यायचं. पिटुनियाचं बी इतकं बारीक की एका ग्रॅमला दहा हजारांच्या आसपास दाणे बसतात. सगळा हिशेब ग्रॅमवर चालतो, आणि प्लॉट नापास झाला तर हंगामाची मजुरी अंगावर येते.

काम टोमॅटो-मिरचीच्या क्रॉसिंगसारखंच, म्हणजे हाताने केलेल्या संकरासारखंच. मादीच्या ओळीतली कळी उमलायच्या आत तिचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, ओळखीला रंगीत दोरा बांधायचा, आणि फूल उमललं की नराच्या ओळीतून आणलेलं पोलन, म्हणजे पराग, कुक्षीवर लावायचं. पिटुनियात पुंकेसर पाच, दोन लांब जोड्या आणि एक आखूड. त्यांचे देठ पाकळ्यांच्या नळीला आतून चिकटलेले असतात, त्यामुळे नर काढायचा तर नळी उभी चिरावी लागते.

कंपनीच्या साहेबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं: परागकोश फुटायच्या आत नर निघाला पाहिजे, एक कळी राहिली तर ते अख्खं बोंड सेल्फिंगचं, म्हणजे स्वतःच्याच परागाने धरलेलं. कामावरच्या बायकांनी हे इतकं मनावर घेतलं की त्या सेंटिमीटरभर लांबीच्या, अजून हिरव्या असलेल्या कळ्याच सोलायला लागल्या. त्यात त्यांची सोयही होती. कळी लहान असली की नळी कोवळी असते आणि पाचही पुंकेसर एका ओढीत बाहेर येतात.

पुढे तपासणीला साहेब आले. मादीचा वाण गडद जांभळा, आणि ओळीच्या ओळी फिकट लव्हेंडर रंगाच्या. फुलं लहान, नळी आखूड, काठ नीट पसरलेला नाही. मध्येच कुठे तरी एखादं फूल मात्र अगदी कागदावर वर्णन केल्यासारखं जांभळं. साहेबांनी 'ऑफ टाइप'चा शेरा मारायची तयारी केली. त्यांचं तसं चुकलंही नाही. बीजोत्पादनात वाणाच्या वर्णनाशी न जुळणारं झाड उपटून टाकायचं हा नियमच आहे, आणि वर्णनात सगळ्यात आधी फुलाचा रंग असतो.

संशयितांची रांग

मी पोचलो तेव्हा निदानं तयार होती आणि प्रत्येक निदानाबरोबर एक फवारणीही.

पहिलं, अर्थातच, खत. रंग कमी म्हणजे काही तरी कमी पडतंय, हा आपल्याकडचा पक्का समज. कृषी सेवा केंद्रातून मायक्रोन्यूट्रिएंटची बाटली आलीसुद्धा होती. पण फिकं आणि गडद फूल एकाच फांदीवर, दोन पेरांच्या अंतरावर होतं. मुळं तीच, पाणी तेच. लोह किंवा पोटॅश कमी पडलं असतं तर त्याने फुलाफुलांत भेद केला नसता. पानंही हिरवीगार होती.

दुसरं, पाणी. सोलापूरच्या बोअरचं पाणी जड आणि अल्कलीयुक्त, हे इथल्या प्रत्येक गिझरला माहीत आहे. कुणी तरी अण्णांना सांगितलं होतं की पाण्याच्या सामूने (पीएचने) फुलाचा रंग बदलतो. हे अर्धं खरं. हायड्रेंजियात मातीचा सामू रंग ठरवतो, पण तो अॅल्युमिनियममुळे: आम्लधर्मी मातीत ते विरघळतं, झाड ते शोषतं आणि फूल निळं होतं. पिटुनियात रंगावर परिणाम होतो तो पाकळीच्या पेशीतल्या रिक्तिकेच्या, म्हणजे रसाच्या पिशवीच्या, सामूचा, आणि तो झाड स्वतःच्या जनुकांनी सांभाळतं. शिवाय सामू बदलला तर जांभळा रंग निळ्याकडे किंवा लालीकडे झुकेल. इथे छटा तीच होती, नुसता गडदपणा कमी झाला होता.

तिसरं, विषाणू. त्याने रंग फुटतो, चट्टे आणि पट्टे येतात. इथे अख्खं फूल एकसारखं फिकं. चौथं, ऊन. उष्णतेने अँथोसायनिन हे पाकळीतलं रंगद्रव्य कमी बनतं हे खरं आहे, आणि मार्च-एप्रिलात सोलापुरात पिटुनियाची काय अवस्था होते ते इथल्या गच्च्यांवर दिसतं. पण जानेवारीत रात्री स्वेटर लागतो, आणि गडद फुलंही त्याच उन्हात उमलली होती.

पाचव्या संशयिताने मात्र मला थोडं थांबवलं. झाडं बुटकी आणि घट्ट राहावीत म्हणून अण्णांनी रोपं लहान असताना पॅक्लोब्युट्राझोलची आळवणी केली होती. आंबेवाल्यांना हे औषध चांगलं ठाऊक आहे. ते झाडात जिबरेलिन हे संप्रेरक बनू देत नाही, म्हणून कांडी लांबत नाही. जिबरेलिनचा इथे संबंध असणार असा वास मला आला तो यामुळे. पण औषध सगळ्याच झाडांना, सगळ्याच मुळांना दिलं होतं. मग गडद फुलं आली कुठून?

मावशींचा दोरा

याचं उत्तर प्लॉटवरच होतं. बायकांच्या टोळीत ज्या मावशी सगळ्यांत जुन्या, त्या पोलन लावत होत्या. एका हातात पोलनची डबी, दुसऱ्या हाताच्या बोटाने कुक्षीला हलका स्पर्श, आणि पुढचं फूल. मी बघत होतो. त्या दोरा शोधतच नव्हत्या. थेट फिक्या फुलाकडे जात होत्या आणि गडद फूल दिसलं की खुडून खाली टाकत होत्या.

"मावशी, दोरा न बघताच कसं कळतं?"

"दोरा कशाला बघायचा? फिकं दिसलं की समजायचं, ह्याचा नर काढलेला हाय. जांभळं म्हंजे आपल्या हातातनं सुटलेलं. ते सेल्फिंगचं, तोडून टाकायचं."

"हे पहिल्यापासून असंच?"

"व्हय की. क्रॉसिंग चालू झाल्यापासनं."

इतके दिवस त्या त्याच खुणेवर काम करत होत्या आणि त्यांच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. नर काढलेलं फूल फिकं असतं, एवढं त्यांनी मनात नोंदवून टाकलं होतं. साहेबांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि साहेबांनी मावशींना विचारलं नव्हतं.

मग अण्णांच्या मोबाइलमधले डिसेंबरचे फोटो काढले. क्रॉसिंग सुरू होण्याआधीची, त्याच ओळींची पहिली फुलं, सगळी गडद जांभळी. आणखी एक पुरावा गड्ड्याच्या यात्रेने दिला. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत यण्णीमज्जन, अक्षता सोहळा, होमविधी असे संक्रांतीच्या आसपासचे दिवस असतात, तेव्हा सोलापुरात मजूर मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही कुणी करत नाही. बायका सुटीवर होत्या तेव्हा ज्या कळ्या सोलायच्या वयाच्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही. आठवडाभराने त्याच कळ्या उमलल्या तेव्हा दोन दिवस प्लॉट जांभळा झाला होता. अण्णांना वाटलं, मायक्रोन्यूट्रिएंटचा गुण आला. नंतर फुलं पुन्हा फिकी झाली आणि त्यांनी दुसरी बाटली मागवली.

खात्री

एवढ्यावरून 'पुंकेसर काढल्याने रंग गेला' म्हणता आलं असतं, पण एक शंका उरत होती. नर काढताना नळी चिरली जाते. मग रंग पुंकेसर नसल्याने गेला की जखमेने? जखम झाली की झाडात इथिलीन बनतं आणि पाकळीच्या बाबतीत इथिलीन हे काही भलं संप्रेरक नाही. हे वेगळं करून बघणं भाग होतं.

माझ्या दोन विद्यार्थिनींनी मादीच्या एका कोपऱ्यातल्या ओळीत कळ्यांचे गट पाडले. काही कळ्यांना हातच लावला नाही. काहींची नळी नेहमीसारखी चिरली, पण पुंकेसर आत तसेच ठेवले. काहींचे पुंकेसर काढून आत साध्या पाण्याचा थेंब सोडला, आणि काहींचे काढून जिबरेलिक अॅसिडच्या द्रावणाचा थेंब सोडला. शेवटच्या गटात कळी मोठी होऊन नळीवर जांभळी झाक दिसू लागल्यावर मगच पुंकेसर काढले.

जिबरेलिक अॅसिड शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. उत्तर सोलापूर तालुक्यातलं नान्नज लोकांना माळढोकासाठी माहीत असतं, पण द्राक्षवाल्यांसाठी ते 'सोनाका'चं गाव. नानासाहेब काळे यांनी ते वाण तिथेच निवडून वाढवलं. त्या पट्ट्यात प्रत्येक द्राक्षबागायतदाराच्या घरी 'जीए'ची पुडी असते, घड लांबवायला आणि मणी फुगवायला. अण्णांचे मेहुणे द्राक्षवालेच. त्यांच्याकडची एक ग्रॅमची पुडी आली. ही भुकटी थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते, हे मेहुण्यांनी माझ्या विद्यार्थिनींना माझ्याआधी सांगितलं. एक ग्रॅम वीस लिटरला म्हणजे ५० पीपीएम. त्याच प्रमाणात आम्ही थोडंसंच द्रावण केलं.

फुलं उमलली तेव्हा वाद घालायला जागा राहिली नाही. नुसती नळी चिरलेली फुलं काठाला जरा वेडीवाकडी झाली, एका बाजूला व्रण राहिला, पण रंग पूर्ण जांभळा. म्हणजे जखम निर्दोष सुटली. पुंकेसर काढून पाण्याचा थेंब दिलेली फुलं फिकी आणि लहान, प्लॉटवरच्या इतर फुलांसारखीच. जीएचा थेंब दिलेल्या फुलांत रंग परत आला होता आणि नळीही लांबली होती. काही फुलांत थेंब एका बाजूला ओघळला असावा, कारण तिथे रंग असमान होता. पण पाण्याच्या थेंबाच्या फुलाशेजारी धरलं की फरक लांबूनही दिसायचा. उशिरा नर काढलेली फुलं साधारण नेहमीसारखीच.

प्रयोगशाळेत पाकळ्या आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये भिजवून रंग उतरवून घेतला आणि ५३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजला. पाकळीच्या वजनाच्या हिशेबाने मोजलं तरीही फिक्या फुलांत अँथोसायनिन स्पष्ट कमी होतं. हे बघणं गरजेचं होतं, कारण फूल लहान झालं म्हणून रंग दाटायला हवा होता, विरळ नाही. वाढ आणि रंग दोन्ही एकाच वेळी अडले होते.

पाकळीच्या आत काय चालतं

आमच्या कोपऱ्यात जे दिसलं ते नवीन नव्हतं. इस्रायलमधल्या डेव्हिड वाइस आणि अब्राहम हालेवी यांनी १९८९ मध्ये पिटुनियावर हेच दाखवलं होतं: कळी लहान असताना पुंकेसर किंवा नुसते परागकोश काढले तर पाकळ्यांची वाढ आणि रंग दोन्ही खुंटतात, आणि बाहेरून जिबरेलिन दिलं तर दोन्ही परत येतात. त्यांनी कोवळे दलपुंज (फुलाच्या सगळ्या पाकळ्या मिळून) झाडापासून तोडून साखरेच्या द्रावणात वाढवूनही पाहिले. जिबरेलिन घातलं तर ते वाढले आणि रंगले. आणि झाडावरच्या पाकळ्यांना पॅक्लोब्युट्राझोल दिलं, तर पुंकेसर काढल्यावर होतं तेच झालं.

पिटुनियाची पाकळी दोन टप्प्यांत वाढते. आधी पेशींची संख्या वाढते. हे काम सावकाश चालतं आणि कळी हिरवट राहते. मग पेशी ताणायला लागतात, नळी झपाट्याने लांबते आणि नेमकं याच वळणावर रंग भरायला लागतो. हे वळण घेण्याचा हुकूम परागकोशांकडून येतो. परागकण तयार होत असताना परागकोशात भरपूर जिबरेलिन बनतं आणि ते पाकळीपर्यंत पोचतं. पाकळीच्या पेशींत डेला नावाची प्रथिनं बसलेली असतात. वाढीची जनुकं त्यांनी दाबून धरलेली असतात. जिबरेलिन आलं की ती मोडीत निघतात आणि पुढचं काम सुरू होतं.

रंगाच्या बाजूने पाहिलं तर अँथोसायनिनचा कच्चा माल फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल. त्यापासून बनलेला एक रेणू आणि मॅलोनिल-कोए या पदार्थाचे तीन रेणू जोडून चाल्कोन सिंथेज हे विकर (एन्झाइम) रंगाचा पहिला सांगाडा उभा करतं. हे दार उघडलं नाही तर पुढची सगळी साखळी रिकामी राहते. इस्रायलमधल्या रेहोवोतच्या, वाइस यांच्याच गटाने पुढे दाखवलं की पिटुनियाच्या पाकळीत या विकराचं जनुक चालू व्हायला जिबरेलिन लागतं आणि साखरही लागते. म्हणजे आमच्या फिक्या फुलात रंगाची जनुकं शाबूत होती, साखर होती, ऊन होतं. जिबरेलिनचा निरोप पोचण्याआधीच निरोप देणारा चिमट्यातून खाली पडला होता.

पिटुनियात बनणाऱ्या जांभळ्या रंगद्रव्यांपैकी एकाचं नावच पेट्युनिडिन आहे. आणि हे चाल्कोन सिंथेजचं जनुक तर जीवशास्त्राच्या इतिहासातलं नामांकित. १९९० मध्ये अमेरिकेत नॅपोली आणि जॉर्गेनसेन यांनी पिटुनिया अधिक गडद करायला या जनुकाची जादा प्रत घातली, तर काही फुलं चक्क पांढरी आली. पेशीने जादा प्रतीबरोबर स्वतःचीही प्रत गप्प केली होती. पेशीने आरएनएच्या मदतीने जनुक असं गप्प करणं म्हणजे आरएनए-हस्तक्षेप; त्याची गोष्ट तिथूनही एका धाग्याने सुरू होते. त्याचं नोबेल २००६ मध्ये फायर आणि मेलो यांना मिळालं, सूत्रकृमींवरच्या कामासाठी. पिटुनियाचं नाव तिथे मागेच राहिलं.

मग टोमॅटोच्या प्लॉटवर हे कुणाला का दिसत नाही? टोमॅटोचं फूल पिवळं, कॅरोटिनॉइडचं, म्हणजे रंगद्रव्यंही वेगळी आणि ती बनण्याची वाटही वेगळी. वर टोमॅटोच्या फुलाकडे बघतो कोण? तपासणी होते ती झाडाची आणि फळाची. कंपनीच्या साहेबांचं सगळं आयुष्य टोमॅटो-मिरचीत गेलेलं, त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

मेहुण्यांचं इथ्रेल

या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची सूचना सगळ्यात मायेने आली. द्राक्षवाले मेहुणे म्हणाले, "रंग आणायचाय ना, मग इथ्रेल मारा की. काळ्या द्राक्षाला आम्ही तेच करतो."

द्राक्षाच्या बाबतीत ते बरोबर आहेत. रंगीत द्राक्षाच्या सालीत अँथोसायनिन भरायला इथिलीन सोडणारं इथ्रेल वापरतात आणि अॅब्सिसिक अॅसिडही वापरतात. रंगद्रव्यांचं कूळ तेच, चाल्कोन सिंथेजही तेच. पण हुकूम देणारे वेगळे. पिटुनियाच्या पाकळीत अॅब्सिसिक अॅसिड जिबरेलिनने येणारा रंग अडवतं, आणि इथिलीन फूल सुकवतं. पोलन पडल्यावर पिटुनियाचं फूल दोन-तीन दिवसांत मान टाकतं ते या इथिलीनमुळेच. परागण न झालेलं फूल त्यापेक्षा बरंच जास्त टिकतं. अण्णांनी पंप भरायला घेतला होता. आम्ही एका कुंडीवर आधी मारून बघू म्हटलं. उमललेली फुलं गळपटली, कळ्या अडल्या, आणि पंप धुऊन ठेवला गेला. मेहुण्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ती कुंडी घरी नेऊन दाखवायला मागून घेतली.

दुसरी सूचना मात्र मोहात पाडणारी होती: जीएने रंग परत येतो ना, मग अख्ख्या प्लॉटवर जीए मारू. याला मी नको म्हटलं. जीए फुलापुरता थांबत नाही. कांड्या लांबतात, फांद्या लोळतात, आणि पॅक्लोब्युट्राझोलवर घातलेला खर्च उलटा फिरतो. थेंब-थेंब प्रत्येक फुलात सोडायचा तर मजुरी बियाण्याच्या वर जाईल. आणि मुळात, कशासाठी?

खरा प्रश्न बियाण्याचा

अण्णांच्या डोक्यातला खरा काटा वेगळाच होता, तो त्यांनी उशिरा काढला. फिक्या फुलाचं बी फिक्या फुलाचंच झाड देईल ना?

नाही देणार. पाकळीचा रंग त्या फुलात जिबरेलिन पोचलं की नाही यावर गेला. अंडाशयातल्या बीजांडांची जनुकं तीच राहिली. पाकळी गळून जाते, बी होतं ते बीजांडांतून आणि नराच्या परागातून. पोलन हाताने लावलं जातं, त्यामुळे माशी-फुलपाखरांना भुलवायला रंग लागत नाही. फिक्या फुलांची बोंडं नेहमीसारखी भरत होती, हे मावशी आधीपासून सांगतच होत्या.

तेव्हा दुरुस्त करायची होती ती तपासणी. त्यात दोन वाटा होत्या. एक, नर उशिरा काढायचा: नळीवर जांभळी झाक आल्यावर, पण परागकोश फुटायच्या आत. असं केलं की फूल रंगतं आणि वाण ओळखता येतो. पण त्यात जोखीम आहे. मोठ्या कळीत परागकोश पिकत आलेले असतात, दुपारच्या उन्हात किंवा चिमट्याच्या दाबाने एखादा फुटला की बोंड गेलं. मावशींनी हे ऐकूनच मान हलवली. "रंग बघायचा का सेल्फिंग सांभाळायचं, एक काय ते ठरवा."

मला त्यांचंच पटलं. म्हणून दुसरी वाट धरली. क्रॉसिंग लवकरच, पूर्वीसारखंच. पण मादीच्या प्रत्येक झाडावर तपासणीच्या आधी एक कळी न सोलता ठेवायची, तिला लाल फीत आणि वर छोटी पिशवी. फूल उमललं की साहेबांनी रंग बघायचा आणि ते फूल त्यांच्यासमोरच देठासकट तोडून टाकायचं, म्हणजे त्याचं पोलन कुठे जाणार नाही आणि सेल्फिंगचं बी धरणार नाही. आळवणीचं प्रमाणही पुढच्या लावणीत कमी करायला सांगितलं. मुळातच जिबरेलिन कमी असलेल्या झाडाचे परागकोशही काढले की फुलाकडे काहीच शिल्लक राहत नाही, आणि अण्णांच्या प्लॉटवर फिकटपणा इतका उठून दिसला त्यात या औषधाचा वाटा असणार असं माझं मत आहे.

साहेबांनी गटांची फुलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. चिरलेलं पण रंगलेलं फूल त्यांनी दोनदा उलटसुलट केलं. मग डिसेंबरचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतले, कारण वरच्या ऑफिसला माझ्या म्हणण्यापेक्षा तारीख असलेला फोटो चालतो. 'ऑफ टाइप'चा शेरा मागे घेतला गेला. त्या जागी 'ग्रो-आउट चाचणीनंतर निर्णय' असं लिहिलं. त्या चाचणीत बी प्रत्यक्ष पेरून फुलं येईपर्यंत झाडं वाढवतात आणि वाण शुद्ध आहे का ते पाहतात.

अण्णांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी पहिल्या सुकलेल्या बोंडातलं बी स्वतःच एका ट्रेमध्ये टाकलं, शेडनेटच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, दुहेरी जाळीखाली. रोपांना फुलं आली तोवर ऊन चढलं होतं, फुलं आकाराने लहानच राहिली. पण जांभळी होती. मावशींनी त्यातलं एक खुडून उघडलं, पाचही पुंकेसर जागेवर आहेत हे पाहिलं आणि अण्णांना विचारलं, पुढच्या हंगामात क्रॉसिंगची मजुरी वाढवणार का. कारण आता प्रत्येक झाडाला फीतही बांधायची आहे.